विद्यापीठांचे शोध व त्यांचे परवाने

शेतावर येणारें नवें वाण, नवें औषध किंवा नवें अवजार पुष्कळदा एखाद्या विद्यापीठांत जन्मास आलेलें असतें. परंतु तें आपल्या हातीं पडतें तें दुकानांतून, आणि तेंही कारखानदाराच्या छापाखालीं. प्रयोगशाळा व दुकान यांच्या मधली वाट म्हणजे परवाना. ही वाट कोणाच्या सोयीची होते यावर शेतकऱ्याचें बरेंवाईट अवलंबून असल्यामुळें ती नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

शोध लावणारी संस्था प्रथम पेटंट घेते. म्हणजे ठराविक मुदतीपर्यंत इतरांनीं तिच्या संमतीवांचून तो शोध वापरूं नये असा हक्क सरकारकडून मिळविते. आपल्या देशांत ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मग ती संस्था कारखानदारास शोध वापरण्याचा परवाना देते व त्याबद्दल विक्रीवर कांहीं हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, घेते. परवाना एकट्यालाच दिला तर तो एकाधिकाराचा. अनेकांस दिला तर खुला.

या पद्धतीचे गुणदोष पाहण्यास अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठासारखें दुसरें उदाहरण नाहीं. तो प्रांत दूधदुभत्याचा. तेथील प्रोफेसर बॅबकॉक यांनीं १८९० सालीं दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली. तिच्यामुळें पाणी घातलेलें किंवा साय काढलेलें दूध ताबडतोब ओळखूं येऊं लागलें आणि चोख दूध घालणाऱ्यास चोख भाव मिळूं लागला. बॅबकॉक यांनीं तिचें पेटंट घेतलें नाहीं; ती रीत सर्वांस मोकळी राहिली.

त्याच विद्यापीठांतील हॅरी स्टीनबॉक यांनीं वेगळा मार्ग धरिला. जंबुपार किरण खाद्यपदार्थांवर सोडले असतां त्यांत ड जीवनसत्त्व उत्पन्न होतें व मुलांचा मुडदूस टळतो, असें त्यांस १९२३–२४ च्या सुमारास आढळलें. शोध मोकळा सोडला तर नकली माल बाजारांत येईल, आणि लोण्याशीं स्पर्धा करणारे मार्गारीनवाले त्याचा लाभ उठवून गवळ्यांस बुडवितील, अशी त्यांस भीति होती. म्हणून त्यांनीं पेटंटाचा अर्ज केला. त्याची व्यवस्था पाहण्यास माजी विद्यार्थ्यांनीं १९२५ सालीं एक स्वतंत्र संस्था स्थापिली; तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘वार्फ’ म्हणतात. १९२७ सालीं ओटचें पीठ विकणाऱ्या क्वेकर कंपनीस परवाना मिळाला, पुढें औषधें करणाऱ्यांसही मिळाला, आणि आलेला पैसा पुन्हां संशोधनाकडे वळविला गेला.

परंतु मार्गारीनवाल्यांस परवाना नाकारण्यांत आला. गवळ्यांचें हित झालें खरें, पण लोणी ज्यांस परवडत नव्हतें त्या गरिबांच्या अन्नांत तें जीवनसत्त्व पडेना. अखेर वाद न्यायालयांत गेला. १९४५ च्या निकालांत न्यायाधीशांनीं या गोष्टीवर बोट ठेविलें, आणि ती पेटंटेंच रद्द ठरविलीं. उन्हांत लसूणघास वाळविणारे शेतकरी नकळत तेंच करीत आले होते, हा मुद्दाही त्या निकालांत आला. शोध व निसर्गाची जुनी करणी यांमधील सीमा किती बारीक आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

याच ठिकाणची आणखी एक हकीकत आहे. १९३३ सालीं एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणारें रक्त व कुजका स्वीट क्लोव्हर चारा घेऊन विद्यापीठांत आला. कार्ल लिंक व त्यांचे सहकारी यांनीं कित्येक वर्षें खपून १९३९ सालीं त्या चाऱ्यांतील रक्त पातळ ठेवणारें द्रव्य वेगळें काढलें. त्याच्याच जातीचें दुसरें द्रव्य १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून विक्रीस आलें. वार्फ संस्थेवरूनच त्याचें नांव वॉरफरिन पडलें. पुढें १९५४ पासून तें रक्ताच्या गुठळ्यांवर माणसांसही देण्यांत येऊं लागलें. शेतकऱ्याच्या गोठ्यांतील प्रश्नांतून विद्यापीठास उत्पन्न झालें, आणि धान्याच्या कोठारास उंदरांपासून राखण्याचें साधनही मिळालें.

आपल्याकडे कायद्यानें कांहीं गोष्टी आधींच राखून ठेविल्या आहेत. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें शेतीच्या पद्धतीवर किंवा बियाण्यावर पेटंट मिळत नाहीं. नव्या वाणांसाठीं २००१ चा निराळा कायदा आहे. त्याखालीं वाणाची नोंद करून पैदासकारास हक्क मिळतो; तरीपण शेतकऱ्यास आपलें बियाणें राखण्याची, पेरण्याची, देण्याघेण्याची व विकण्याची मुभा कायम आहे. मात्र छापाच्या पिशवींत भरून तें विकतां येत नाहीं.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांतून एखादें वाण किंवा अवजार बाहेर पडेल, तेव्हां सभासदांनीं तीन गोष्टी विचाराव्या: परवाना एकट्यास दिला कीं अनेकांस; मालाच्या कसाची जबाबदारी कोणावर; आणि घेणारा माल काढीत नसेल तर परवाना परत घेतां येतो कीं नाहीं. परवाना मोठ्या कारखानदारानेंच घ्यावा असाही नियम नाहीं. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेसही तो मागतां येईल. शोध विद्वानांचा असला, तरी त्याच्या अटी ठरतांना ज्याच्या शेतांत तो उतरणार त्यानें गप्प बसूं नये.