कर्नाळ्याच्या किल्लेदाराचा नातू

जानेवारी १८१८. कंपनी सरकारच्या प्रॉथर नावाच्या अधिकाऱ्याने पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला घेतला. पनवेल आणि आपटा बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर या किल्ल्याची नजर असे. तो इंग्रजांना हवाच होता. किल्लेदार होते अनंतराव फडके.

फडक्यांचे घर किल्ल्याजवळच्या शिरढोणचे. त्या घरात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी बळवंतराव आणि सरस्वतीबाईंच्या पोटी वासुदेव जन्मला. गड जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती, पण कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका कुठे जाणार होता? जे गेले ते रोज डोळ्यांसमोर उभे, अशा गावात हा मुलगा वाढला.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके म्हटले की लोक थेट १८७९ च्या बंडावर येतात. त्याआधीची वर्षे घाईघाईने उरकली जातात, आणि तिथेच हा माणूस हातून निसटतो.

कल्याण आणि मुंबईत थोडे शिक्षण झाल्यावर वासुदेवांनी नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात. ज्या फौजेने आजोबांचा गड घेतला, तिच्याच खर्चाचे आकडे नातू पुण्यातल्या कचेरीत वर्षानुवर्षे तपासत होता!

शिरढोणहून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. वासुदेवांनी रजा मागितली, ती मिळाली नाही. रजेवाचून निघून ते घरी पोचले तोवर सरस्वतीबाई गेल्या होत्या. पुढच्या वर्षी आईच्या श्राद्धालाही रजा नाकारली गेली. चरित्रकार या प्रसंगाला फार महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. परक्या सत्तेचा अर्थ पुष्कळांना भाषणांतून कळला. त्यांना तो साहेबाच्या एका नकारातून कळला.

पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले, असे सांगतात. म्हणजे वस्तादाने वडील गमावले आणि शिष्याच्या आजोबांनी किल्ला गमावला, ते एकाच युद्धात. मातंग वस्तादापुढे ब्राह्मण कारकुनाने शिष्य म्हणून उभे राहणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पहिली पत्नी सईबाई वारल्यावर गोपिकाबाई घरात आल्या. वासुदेवांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, घोड्यावर बसायलाही शिकवले. बायकांच्या हाती पुस्तक दिसले तरी भुवया उंचावत, त्या दिवसांतली ही गोष्ट. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकरांबरोबर पुण्यात शाळा काढण्यातही ते होते. तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले, तेव्हा दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. वासुदेवांनी गावोगाव फिरून ती पाहिली. पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींकडून साथ मिळेना, तेव्हा ते रामोश्यांकडे गेले. फेब्रुवारी १८७९ मध्ये दौलतराव नाईकांच्या माणसांसह त्यांनी धामारी गावावर पहिला छापा घातला. तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते.