‘चालत नाही’ : अन्नाची ॲलर्जी, वसतिगृह आणि मराठीतील नकार

मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील मुले दहावीनंतर जालना, छत्रपती संभाजीनगर, लातूर अशा ठिकाणी शिकावयास जातात, तेव्हा घरचे स्वयंपाकघर सुटते आणि खाणावळीचे ताट समोर येते. बहुतेकांच्या दृष्टीने हा बदल केवळ चवीचा असतो. परंतु ज्या मुलास भुईमुगाची वा हरभऱ्याची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत तो जीविताचाही प्रश्न होऊ शकतो. हा प्रश्न वैद्यकाचा म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि त्याचा एक मोठा भाग भाषेचा आहे. घरी आईस सर्व ठाऊक असल्यामुळे मुलास काही बोलावे लागत नाही. खाणावळीत त्यास बोलावे लागते आणि बोललेले समजले आहे याची खात्रीही करून घ्यावी लागते. या बोलण्याच्या वाटेत मराठीच्या रूढ शब्दांमुळे कोणत्या अडचणी येतात, याचा विचार येथे केला आहे.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘अन्य’ आणि ‘कार्य’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडविली. मराठीत ती जशीच्या तशी रुळली. कारण तिच्या जागी बसेल असा शब्द जुन्या संग्रहात नव्हता. ‘वावडे’ या शब्दात नावडीची छटा आहे. ‘पथ्य’ काही काळ पाळावयाचे असते आणि सणावारी ते मोडताही येते. ‘बाधणे’ व ‘न सोसणे’ यांत प्रमाणाची कल्पना गृहीत आहे. अधिक खाल्ले तर बाधेल, थोडे खाल्ल्यास बाधणार नाही. शिवाय ‘ॲलर्जी’ हा शब्दही आता सैल झाला असून, नकोशा माणसाविषयीही तो थट्टेने वापरला जातो.

लक्षणांच्या नावांतही असाच धोका आहे. अंगावर गांधी उठल्या की मराठी माणूस ‘पित्त उठले’ असे म्हणतो आणि आमसूल चोळतो. नाव पित्ताचे पडल्यामुळे उपायही पित्ताचाच सुचतो. वस्तुतः ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेल्यावर अशा गांधींबरोबर घसा आवळणे, श्वास लागणे, वारंवार वांती होणे किंवा भोवळ येणे ही चिन्हे दिसली, तर ती ॲनाफिलॅक्सिसची असू शकतात. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि तत्काळ रुग्णालय. ॲलर्जीची नेहमीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. एका शब्दाच्या चुकीमुळे येथे मोलाची मिनिटे वाया जातात.

आता मुलाच्या तोंडचे नेहमीचे वाक्य पाहू : ‘मला दाणे चालत नाहीत.’ मराठीत ‘चालत नाही’ हा प्रयोग उपास, सोवळे, नवस, पथ्य आणि आवडनिवड या सर्वांना लागू पडतो. ऐकणारा त्यांतील आपल्या परिचयाचा अर्थ निवडतो. त्यातही विसंगती अशी की, ‘उपासाला चालणाऱ्या’ पदार्थांत शेंगदाणा अग्रभागी आहे. साबुदाण्याची खिचडी कुटावाचून होत नाही. सर्वांच्या लेखी जे अन्न निर्दोष, नेमके तेच या मुलास घातक असते.

दुसरी अडचण सौजन्याची. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस मुले ‘मावशी’ म्हणतात. मावशीस स्पष्ट नकार देणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मुलगा म्हणतो, ‘मावशी, कूट जरा कमी टाका.’ ‘कमी’ हा शब्द विनंतीस मृदू करतो. पण ॲलर्जीत कमी-अधिक हा भेद भरवशाचा नसतो. पंगतीतील ‘नको’ तर आग्रहाचे आमंत्रणच समजले जाते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन आहे की, काही उक्ती या कृतीच असतात आणि श्रोत्याने त्यांचा हेतू ग्रहण केल्याखेरीज त्या सिद्ध होत नाहीत. मुलाने इशारा दिला आणि मावशींनी तो आवडनिवड म्हणून घेतला, तर इशारा दिलाच गेला नाही असे म्हणावे लागेल.

तिसरी अडचण नामांची. हरभरा हे एकच धान्य डाळ, बेसन, डाळे, फुटाणे, पुरण, शेव, झुणका अशा अनेक नावांनी ताटात येते. पाटील, निफाडकर व बापट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हरभरा हा भारतीय उपखंडातील ॲलर्जीचा एक प्रमुख कारक म्हणून मांडला आहे. तथापि वेष्टनावर घोषित करावयाच्या ॲलर्जीकारकांची जी यादी २०२० च्या भारतीय लेबल-विनियमांत आहे, तीत भुईमूग, दूध, अंडी, मासे, सोयाबीन इत्यादी असून हरभऱ्याचा समावेश नाही. वेष्टनावरील अनिवार्य मजकूरही इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी ऐच्छिक आहे. लेबलाच्या मौनाचे परिणाम इतरत्रही दिसले आहेत. २०१६ साली पंधरा वर्षांची एक मुलगी ब्रिटनमधील विमानतळावर घेतलेल्या पावातील तिळामुळे दगावली. तिळाचा उल्लेख वेष्टनावर नव्हता. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२१ मध्ये अमलात आला. खाणावळीच्या पातेल्यास तर वेष्टनच नसते. तेथे विचारणे हाच आधार.

यास्तव अशा मुलाचे स्वावलंबन केवळ औषधाच्या पिशवीने सिद्ध होत नाही. त्यास एक वाक्य यावे लागते. उदाहरणार्थ : ‘मावशी, मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कूट, चटणी, चिक्की, काहीच नको, चिमूटभरही नको. पोटात गेले तर श्वास अडकतो. आज भाजीत कूट आहे का?’ यात पदार्थाची सर्व नावे आहेत, प्रमाणाचा प्रश्न मिटविला आहे, परिणाम सांगितला आहे आणि शेवटी प्रश्न आहे. प्रश्नास उत्तर द्यावे लागते, आणि उत्तरावरून इशारा पोहोचला की नाही हे कळते. आदर ‘मावशी’ या संबोधनात राहतो. त्यासाठी ‘कमी’ म्हणण्याचे कारण नाही. खोलीतील सोबत्यांसाठी दुसरे वाक्य हवे : इंजेक्शन कोठे आहे, ते केव्हा व कसे द्यावयाचे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका कशी बोलवावयाची.

ही वाक्ये वसतिगृहाच्या दारात प्रथम उच्चारली जाऊ नयेत. मंठ्यातच, बारा-तेराव्या वर्षापासून, मामाच्या घरी, लग्नाच्या पंगतीत व एस.टी. स्थानकावरील उपाहारगृहात ती मुलाने स्वतः बोलावी आणि आईवडिलांनी शेजारी असूनही गप्प राहावे. आईचे हे मौन सोपे नाही. परंतु जोपर्यंत ती त्याच्या वतीने बोलते, तोपर्यंत त्याचे वाक्य कच्चेच राहणार. आणि लातूरच्या खाणावळीत ते दुरुस्त करावयास ती नसेल.