वाफेचा नांगर आणि आपला कुकर

पेण तालुक्यातलं जोहे म्हटलं की डोळ्यांपुढे येतात गणपतीचे कारखाने आणि भाताची खाचरं. या खाचरांत वाफेचा नांगर? हसू येईल! इंग्लंडात जॉन फाउलर यांना वाफेच्या नांगरासाठी १८५८ साली ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. पुढे शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करून, तारेच्या दोराने नांगर इकडून तिकडे ओढू लागले. एकेक धूड पंधरा-वीस टनांचं. आपला बांध ते कसला पेलतोय!

तिकडची हौशी मंडळी ही यंत्रं अजून जपतात, जत्रेत चालवूनही दाखवतात. आपल्या रायगडात वाफेची आठवण आहे ती माथेरानच्या गाडीची. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गावर चार जर्मन इंजिनं धावली. त्यातलं एक नेरळला जपून ठेवलंय.

पण मैत्रिणींनो, जपणं वेगळं आणि चालवणं वेगळं. कुकर घ्या ना. पाणी आटलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. बॉयलरमध्येही भट्टीच्या माथ्यावर असाच वितळणारा बूच असतो. फरक एवढाच की तिथला दाब कुकरच्या दहापट! गंजून पत्रा पातळ झाला असेल तर वरून रंग मारून काय होणार? म्हणून आधी थंड पाणी दाबाने भरून बॉयलर तपासतात. आपल्याकडे तर तपासणीच्या दाखल्याशिवाय तो पेटवताच येत नाही. पुरुषमंडळींना ‘एकदा पेटवून तर बघू’ची भारी घाई असते, बरं का!

वाफेचं यंत्र कुणाच्या पडवीत नसेल, पण भात भरडायच्या जुन्या गिरणीचं ऑइल इंजिन असू शकतं. या गिरणीनेच तर आपल्या आज्यांच्या हातातलं मुसळ आणि घिरट सोडवलं. तेच इंजिन आज किलोच्या भावाने भंगारात जातं. तेवढी घाई करू नका. आतलं पाणी काढून टाका, तेल घाला, अधूनमधून मोठं चाक हाताने फिरवा. आणि त्यावरची पितळी पाटी चिंचेने घासून चकचकीत करू नका, अक्षरं पुसतात. नंबर वहीत लिहून ठेवा. गिरणी चालवलेलं कुणी घरात असेल, तर ते इंजिन सुरू कसं करायचे तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.