मेनिंजायटिसची लस : दुष्परिणामांची मोजदाद

मेनिंगोकॉकस या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे कवच असते. रक्तात शिरल्यावर शरीराच्या संरक्षक पेशींना चकवण्यासाठी हे कवच त्याच्या कामी येते. त्याच्यावरच्या बहुतेक लशींचा आधारही हे कवचच आहे. कवचाच्या रचनेवरून या जिवाणूचे १२ गट पडतात. त्यांपैकी ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा गट जगभरातल्या बहुतेक सगळ्या आजाराला कारणीभूत आहेत. अनेक निरोगी माणसांच्या नाकाघशात हा जिवाणू कसलाही त्रास न देता वस्ती करून असतो. क्वचित एखाद्याच्या रक्तात तो उतरतो, तेव्हा मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांना सूज येते. ताप, असह्य डोकेदुखी, ताठरलेली मान, उजेड सहन न होणे आणि बोटाने दाबले तरी न मावळणारे जांभळट चट्टे ही त्याची लक्षणे. सकाळी साध्या तापाने सुरू झालेला आजार दुसऱ्या दिवसापर्यंत जीव घेऊ शकतो. वेळेवर उपचार मिळूनही शंभरांतले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्क्यांना बहिरेपण, मेंदूची कायमची इजा किंवा हातपाय गमावणे असे काही ना काही भोगावे लागते. लशीने येणाऱ्या त्रासाचा विचार करताना हे चित्र नजरेआड करून चालत नाही.

मेनिंजायटिस एकाच जंतूमुळे होतो असे नाही. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी (हिब) हेही त्याला कारणीभूत ठरतात. त्यांवरच्या लशी भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहेत. हिबची लस पेंटाव्हॅलंट लशीतून २०११ पासून आणि न्यूमोकॉकसची २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. जपानी मेंदूज्वराची लस विषाणूविरुद्धची, म्हणजे सर्वस्वी वेगळी. ‘मेनिंजायटिसची लस’ म्हणून ज्या लशीबद्दल सर्वाधिक विचारणा होते ती मेनिंगोकॉकसची, आणि पुढचे विवेचन तिच्याविषयी आहे.

ही लस मुख्यतः तीन प्रकारची. पहिल्या प्रकारात नुसती कवचाची शुद्ध केलेली साखर असते. अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित झाली, कारण सैनिकांच्या बराकीत हा आजार वरचेवर उद्भवत असे. दोन वर्षांखालच्या बाळांत ती नीट काम करत नाही आणि तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरतो. दुसरा प्रकार संयुग्म लशीचा. यात हीच साखर धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडतात. प्रथिनाची साथ मिळाल्यावर बाळाची प्रतिकारयंत्रणाही तिची दखल घेते आणि ओळख लक्षात ठेवते. ब्रिटनने नोव्हेंबर १९९९ मध्ये सी गटाविरुद्ध अशी लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली. तिसरा प्रकार बी गटाविरुद्धचा, प्रथिनांवर आधारलेला. तिन्हींपैकी कशातही जिवंत जिवाणू नसतो. त्यामुळे लशीनेच मेनिंजायटिस होईल ही भीती निराधार आहे.

संयुग्म लशीनंतर सर्वांत जास्त दिसणारा त्रास म्हणजे टोचलेली जागा दुखणे, लाल होणे, सुजणे. त्यामागोमाग डोकेदुखी, अंगदुखी, थकवा, कमी प्रमाणात ताप. लहान मुलांत चिडचिड, जास्त झोप, भूक मंदावणे. ही लक्षणे साधारणपणे पहिल्या एक-दोन दिवसांत येतात आणि दोन-तीन दिवसांत जातात. टोचलेल्या जागी संरक्षक पेशी गोळा होतात आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडतात, त्यामुळे दुखते. मात्र ताप आला नाही म्हणजे लस लागू पडली नाही, असा अर्थ काढणेही चुकीचे. काहीही त्रास न होता प्रतिकारशक्ती तयार होणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

किशोरवयीन मुलांत आणखी एक गोष्ट विशेष आढळते, ती म्हणजे भोवळ. सुई टोचल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, चेहरा पांढराफटक पडतो, घाम सुटतो आणि मूल खाली कोसळते. हा परिणाम सुईचा आणि धास्तीचा असतो. खरा धोका पडून डोक्याला मार लागण्याचा. म्हणूनच लस बसवून किंवा झोपवून देतात आणि पंधरा मिनिटे थांबवून घेतात. घाईच्या शिबिरांत हीच पंधरा मिनिटे सर्वांत आधी गाळली जातात, आणि ती गाळू नयेत.

तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, ही याहून निराळी बाब. तिच्यात अंगावर गांध्या उठतात, ओठ-घसा सुजतो, श्वास घरघरतो, नाडी जलद चालते. भोवळीत उलट नाडी मंदावते आणि आडवे केल्यावर माणूस लगेच सावरतो. लस देणाऱ्याला हा फरक ओळखता आलाच पाहिजे. अमेरिकेत सर्व प्रकारच्या लशी धरून केलेल्या एका मोठ्या पाहणीत ॲनाफिलॅक्सिसचे प्रमाण दर दहा लाख मात्रांमागे एकाच्या आसपास निघाले. लस देण्याच्या टेबलावर ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवतात ते याच प्रसंगासाठी. आधीच्या मात्रेनंतर अशी ॲलर्जी झालेल्यांना आणि लशीतल्या घटकांची, विशेषतः धनुर्वात किंवा घटसर्पाच्या जोडप्रथिनाची, तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती लस देत नाहीत. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप हे लस टाळण्याचे कारण नव्हे.

बी गटाची गोष्ट वेगळी, आणि लशीची सुरक्षितता प्रयोगशाळेतच कशी ठरू लागते हे समजायला ती फार उपयोगी आहे. या गटाच्या कवचातली साखर मानवी गर्भाच्या आणि अर्भकाच्या चेतापेशींवरील साखरेशी हुबेहूब जुळते. त्यामुळे शरीर तिला परकी मानत नाही. बळेच तशी प्रतिकारशक्ती निर्माण केली, तर ती स्वतःच्याच चेतासंस्थेवर उलटण्याची शंका. या शंकेपायी शास्त्रज्ञांनी कवचाचा मार्गच सोडून दिला. २००० साली या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि इटलीतील रिनो रापुओली यांच्या गटाने त्या जनुकांच्या वाचनातून लशीजोगी प्रथिने हुडकून काढली. त्यातून आलेल्या बेक्सेरो या लशीला युरोपात जानेवारी २०१३ मध्ये परवानगी मिळाली. एका संभाव्य धोक्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले, आणि तेवढ्या काळात या गटाने अनेक बाळांचे बळी घेतले. तरीही थांबणे योग्यच होते.

बी गटाची ही लस इतरांपेक्षा अधिक ताप आणते, हे पहिल्या चाचण्यांपासून उघड होते. बाळांना ती नेहमीच्या लशींसोबत दिली, तर निम्म्याहून अधिक बाळांना ताप येतो. ब्रिटनने सप्टेंबर २०१५ पासून सर्व बाळांना ती देण्यास सुरुवात केली तेव्हा ही माहिती झाकून ठेवली नाही. पालकांना पॅरासिटामॉलच्या तीन मात्रांचे वेळापत्रकच दिले : पहिली मात्रा लस दिल्यावर लगेच, पुढच्या दोन चार ते सहा तासांच्या अंतराने. एरवी लशीआधी किंवा लगोलग तापाचे औषध देऊ नये, त्याने प्रतिकारशक्ती कमी तयार होऊ शकते, असा सल्ला देत. या लशीबाबत मात्र पॅरासिटामॉलने परिणामकारकता घटत नाही, हे चाचणीत पाहून घेतले होते. कार्यक्रमाच्या पहिल्या वीस महिन्यांत सुमारे ३० लाख मात्रा दिल्या गेल्या. त्यांच्या पाहणीत ताप आणि टोचलेल्या जागेचा त्रास अपेक्षेप्रमाणे आढळला. झटके आणि कावासाकी आजार (मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) यांवर मुद्दाम लक्ष ठेवले होते, त्यांत चिंताजनक वाढ दिसली नाही.

बाजारात आल्यानंतर लशीची परीक्षा कशी होते याचे सर्वांत बोलके उदाहरण २००५ चे आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत मेनॅक्ट्रा या चार गटांच्या संयुग्म लशीला परवानगी मिळाली. सप्टेंबर संपता संपता १७-१८ वर्षांच्या पाच मुलामुलींना लशीनंतरच्या काही आठवड्यांत गिलाँ-बारे सिंड्रोम झाल्याच्या नोंदी पुढे आल्या. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडू लागतात. हा आजार लस न घेतलेल्यांतही दर लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होतोच. प्रश्न असा होता की या पाच नोंदी त्या नेहमीच्या प्रमाणातल्या की जास्तीच्या? लाखो मुलांना थोड्याच महिन्यांत लस दिली तर त्यांतल्या काहींना पुढच्या सहा आठवड्यांत निव्वळ योगायोगानेही हा आजार होणार. लशीनंतर घडले म्हणून लशीमुळेच घडले असे म्हणता येत नाही, आणि मोजून पाहिल्याखेरीज लशीमुळे घडले नाही असेही म्हणता येत नाही. अमेरिकी यंत्रणांनी लस थांबवली नाही, पण पूर्वी हा आजार झालेल्यांबाबत सावधगिरीची सूचना काढली आणि मोठे अभ्यास हाती घेतले. एकूण २० लाखांहून अधिक मात्रांचा हिशेब घेणाऱ्या दोन अभ्यासांत धोका वाढल्याचे दिसले नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने ती सूचना मागे घेतली.

या सगळ्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या ‘मेनिंजायटिस पट्ट्या’त कोरड्या ऋतूत, धुळीच्या वाऱ्यांबरोबर या आजाराच्या साथी येतात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. बहुतांश ए गटाचा हा प्रकोप रोखणारी, पण गरीब देशांना परवडणारी लस कोणी बनवत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते काम अंगावर घेतले. साखर व प्रथिन जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, आणि मेनआफ्रिव्हॅक ही लस एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत तयार झाली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत अवघ्या दहा दिवसांत १ ते २९ वर्षे वयाच्या एक कोटीहून अधिक लोकांना ती दिली गेली. त्याआधी सप्टेंबरमध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरच्या निवडक जिल्ह्यांत ती देऊन दुष्परिणामांवर बारकाईने नजर ठेवली होती. नोंदलेल्या तक्रारींत ताप, डोकेदुखी, उलट्या अशा किरकोळ गोष्टीच बहुसंख्य होत्या. पुढे ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि ए गटाचा आजार त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

तरी या मोहिमेतही एक अवघड प्रसंग आला. डिसेंबर २०१२ मध्ये उत्तर चाडमधील गूरो या गावात लशीनंतर अनेक मुलांना झटके, डोकेदुखी, बधिरपणा असा त्रास सुरू झाला आणि देशभर खळबळ उडाली. तपासात लशीच्या दर्जात दोष आढळला नाही; बहुतेक लक्षणे सामूहिक धास्तीतून आली असल्याचा निष्कर्ष निघाला. अशा मुलांना ‘नाटक करतात’ म्हणणे साफ चूक. शरीराला होणारा त्रास खरा असतो, फक्त त्याचे मूळ बाटलीतल्या द्रवात नसते. अशा वेळी एकेकाला वेगळे करून धीर देणे आणि चौकशीचे निष्कर्ष गावात उघडपणे सांगणे हाच उपाय ठरतो.

खरी चूक होण्याची जागा दुसरीच असते. मेनआफ्रिव्हॅकसारख्या लशी भुकटीच्या रूपात येतात. ज्या-त्या लशीसोबत पुरवलेल्या द्रावणातच त्या कालवायच्या असतात आणि कालवलेली कुपी सहा तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची असते. दुसरेच द्रावण वापरले किंवा उघडी कुपी दुसऱ्या दिवशी वापरली, तर चांगल्या लशीपासूनही गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे कुपी उघडल्याची वेळ लेबलवर लिहिण्याची साधी सवय फार मोलाची आहे.

सीरमनेच पुढे ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांविरुद्ध मेनफाइव्ह ही लस आणली. माली आणि गाम्बियातील चाचणीत २ ते २९ वयोगटातल्या १,८०० जणांत तिची तुलना आधीच्या चार गटांच्या लशीशी केली गेली आणि सुरक्षिततेबाबत चिंतेची बाब आढळली नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वमान्यता दिली. २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरायला घेतली.

भारतात मेनिंगोकॉकसची लस सर्वांसाठीच्या कार्यक्रमात नाही. ती प्रामुख्याने प्लीहा काढलेल्या किंवा निकामी झालेल्या, तसेच रक्तातील पूरक प्रथिनांची कमतरता असलेल्या रुग्णांना देतात; साथीच्या वेळी आणि प्रवासाआधीही देतात. महाराष्ट्रातून परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या कागदपत्रांत तिचा दाखला जोडावा लागतो. हज यात्रेकरूंना तर चार गटांची लस बंधनकारक आहे. १९८७ मध्ये ए गटाची आणि २००० मध्ये डब्ल्यू गटाची साथ यात्रेशी जोडलेली होती. सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी लस घ्यावी लागते; दाखला साध्या साखरेच्या लशीचा असेल तर तीन वर्षे, संयुग्म लशीचा असेल तर पाच वर्षे ग्राह्य धरतात. त्यामुळे दाखल्यावर लशीचा प्रकार स्पष्ट लिहून घेणे गरजेचे. प्रवासी वयस्कर असतात, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. त्या बंद करण्याचे कारण नाही, मात्र रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तसे सांगावे, म्हणजे टोचल्यानंतर ती जागा दोनेक मिनिटे दाबून धरता येते.

लशीनंतर श्वास लागणे, चेहरा सुजणे, झटका येणे, हातापायांत वाढत जाणारा अशक्तपणा किंवा दोन-तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप दिसला, तर डॉक्टरांकडे जावे आणि लशीचे नाव, तारीख व बॅच क्रमांक असलेले कार्ड सोबत न्यावे. लशीने संरक्षण शंभर टक्के मिळत नाही आणि त्यात सगळे गटही नसतात. म्हणून ताप, मान ताठणे आणि जांभळे चट्टे एकत्र दिसले तर लस घेतली आहे म्हणून वाट पाहू नये. लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांची नोंद जिल्हा पातळीपासून राज्य आणि राष्ट्रीय समितीपर्यंत जाते, तिथे तज्ज्ञ प्रत्येक प्रकरणाचा लशीशी संबंध तपासतात. खासगी दवाखान्यात घेतलेल्या लशीबाबतही ही नोंद करता येते, आणि तिच्यासाठी लशीचाच दोष असल्याची खात्री असावी लागत नाही.