‘समजलं का?’ असं विचारू नका

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना ‘समजलं का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘हो हो, समजलं.’ डॉक्टरांसमोर तर नक्कीच. म्हणून मंडळातले जे लोक इतर रुग्णांच्या मदतीला उभे राहू इच्छितात (आपण त्यांना ‘आरोग्यसोबती’ म्हणू), त्यांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न पहिल्याच दिवशी बाद करावा, असं माझं मत आहे. त्याऐवजी विचारा, ‘काकू, संध्याकाळी लेकीचा फोन आला तर ही गोळी कधी, कशी घ्यायची म्हणून सांगाल?’ काकू जे सांगतील त्यावरून आपलं सांगणं कुठे कमी पडलं ते कळतं. परीक्षा काकूंची नव्हे, सांगणाऱ्याची. या पद्धतीला ‘टीच-बॅक’ म्हणतात.

इथे ब्रिटनमध्ये घोटाळ्याला जागा भरपूर. भारतात रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, इथे मिलिमोलमध्ये. पुण्याच्या रिपोर्टवरचे 126 आणि इथल्या मीटरवरचे 7 एकच. (ग्लुकोजचा रेणुभार 180, म्हणून 18ने गुणायचं. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, सांगितल्याशिवाय राहवत नाही!) 7 पाहून ‘साखर उतरली’ म्हणत गोळी सोडणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गोळ्यांचंही तेच. तिकडून आणलेली ग्लायकोमेट आणि इथल्या फार्मसीतली मेटफॉर्मिन हे एकच औषध. दोन्ही डब्यांतली रोज घेतली तर मात्रा दुप्पट.

अशा वेळी सोबत्याने मात्रा ठरवायची नाही. दोन्ही पाकिटं पिशवीत घालून फार्मासिस्टकडे न्यायला सांगायचं, हवं तर बरोबर जायचं. आपल्या मंडळींना शिकवायला हेच सर्वांत अवघड. कारल्याचा रस आणि मेथीचे दाणे आपल्या जिभेवर तयारच असतात!

रुग्णाने रुग्णाला शिकवणं ही कल्पना नवी नाही. स्टॅनफर्डमध्ये केट लोरिग यांनी आखलेला अभ्यासक्रम 6 आठवड्यांचा, दर आठवड्याला अडीच तासांचा. शिकवणारे बहुधा स्वतःच दीर्घ आजार असलेले. त्याच्याच आधारे या शतकाच्या सुरुवातीला एनएचएसने ‘एक्सपर्ट पेशंट्स प्रोग्रॅम’ सुरू केला. आणि आपल्या जामखेडला, रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात, अक्षरओळख नसलेल्या बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. तेव्हा ‘मी काही डॉक्टर नाही’ ही सबब चालणार नाही.

आणखी एक. नातवंडांना दुभाषी करू नका. गर्भाशयाची तक्रार कोणती आजी बारा वर्षांच्या नातवाच्या तोंडून सांगेल? ती ‘पोट दुखतं’ एवढंच म्हणणार, आणि तपासणी भलतीकडेच जाणार. एनएचएसमध्ये दुभाषी मोफत मिळतो. तो अपॉइंटमेंट घेतानाच मागायचा असतो आणि भाषा ‘मराठी’ अशी स्पष्ट सांगायची असते. नुसतं ‘इंडियन’ म्हणालात तर समोर हिंदीवाला यायचा.