गळाच्या रिळाची पारख

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें लहानसें स्थानक लागतें. अशा गांवांतील जुन्या विहिरींवर रहाटानें पाणी ओढलें जात असे, आणि तो रहाट ज्यानें लक्षपूर्वक पाहिला असेल त्याला मासे धरण्याच्या रिळाचें मर्म समजण्यास विलंब लागणार नाहीं. रिकामी घागर खालीं सोडतांना रहाट वेगानें फिरूं लागतो. घागर पाण्याला टेकली कीं दोराची ओढ संपते. परंतु रहाटाची गति संपत नाहीं, आणि मग दोराचे सैल वेढे एकमेकांत गुंततात. म्हणून जाणता माणूस घागर टेकण्यापूर्वींच रहाटाच्या कडेला तळहात लावतो. पुढें भरलेली घागर वर येत असतां हात निसटला तर तोच रहाट उलट फिरतो; त्या वेळीं त्याला एकदम घट्ट धरूं गेल्यास दोर तुटतो किंवा हात सोलून निघतो. घागर सोडतांना लावावयाचा हलका आवर आणि भरली घागर उलटली असतां लावावयाचा सौम्य पण ठाम आवर, या दोन आवरांत रिळाची सारी विद्या सांठवलेली आहे. जें रीळ हे दोन आवर न चुकतां संभाळतें तें भरंवशाचें. बाकीचे गुण त्यामागून येतात.

मासेमारीच्या काठीवर बसवावयाच्या रिळांचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. एकांत दोऱ्याची फिरकी स्थिर असते आणि दोरा तिच्या तोंडावरून वेढ्यावेढ्यानें सुटतो. याला स्पिनिंग रीळ म्हणतात. दुसऱ्यांत फिरकी काठीला आडवी असते, आणि आमिष फेकलें कीं ती रहाटाप्रमाणें स्वतः फिरून दोरा सोडते. हें बेटकास्टिंग रीळ होय. पहिलें शिकण्यास सोपें, आणि हलक्या आमिषाला तेंच बरें. परंतु मासा मोठा, आमिष जड आणि प्रवाह जोराचा असला म्हणजे दुसऱ्याची योग्यता दिसून येते. त्यांत दोरा काटकोनांत न वळतां सरळ फिरकीवर गुंडाळला जातो, अंगठा फिरकीवर ठेवून त्याला आवर घालतां येतो, आणि जाड दोराही पुष्कळ मावतो. म्हणूनच उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन आणि स्टीलहेड या माशांसाठीं पुष्कळ लोक बेटकास्टिंग रीळच पसंत करतात.

या रिळाच्या इतिहासांत घड्याळजींचा हात आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील केंटकी राज्यांत, पॅरिस नांवाच्या गांवीं, जॉर्ज स्नायडर नामक घड्याळजीनें दांतेरी चाकें बसवून असें रीळ केलें कीं, मूठ एकदां फिरविली असतां फिरकी अनेक वेळां फिरावी. पुढें १९२१ सालीं स्वीडनमधील स्वेंगस्टा येथें निघालेल्या आबू या कारखान्यानें प्रथम खिशांतील घड्याळें आणि टॅक्सीचीं भाडेमापक यंत्रें केलीं. तेंच कसब रिळांकडे वळवून त्यानें १९५२ सालीं ‘अँबॅसडर ५०००’ हें रीळ बाजारांत आणलें. घड्याळाची पारख जशी तबकडीच्या झगमगाटावरून होत नाहीं, तशी रिळाचीही त्याच्या रंगावरून होत नाहीं.

ज्या माशासाठीं रीळ घ्यावयाचें त्याचा स्वभाव प्रथम पाहिला पाहिजे. पॅसिफिक महासागरांतील सामन नदीच्या गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हा नदींत येतो. त्यांतील सर्वांत मोठी जात चिनूक. १९८५ सालीं अलास्कांतील कीनाय नदींत गळाला लागलेला एक चिनूक ९७ पौंड ४ औंस भरला. स्टीलहेड म्हणजे समुद्रांत जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट. त्याच जातीचे, पण गोड्या पाण्यांतच राहणारे मासे इंग्रजी अमदानींत निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडण्यांत आले. महाराष्ट्राच्या नद्यांत सामन नाहीं. परंतु त्याच्या तोडीचा बळकट मासा आहे, तो महाशीर. कुळानें तो रोहू-कटल्याचा भाऊबंद. दख्खनी महाशीराचें शास्त्रीय वर्णन साइक्स यानें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील माशांवरून केलें. हेन्री सुलिव्हन टॉमस याच्या १८७३ सालच्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथांत महाशीराला मानाचें स्थान आहे. कावेरीच्या खोऱ्यांतील महाशीर तर आणखी मोठा; १९४६ सालीं कबिनी नदींत व्हॅन इंगेन यांनीं गळानें धरलेला मासा १२० पौंड भरला. गळ लागतांच महाशीर जी पहिली धांव घेतो ती अशी जोराची असते कीं, काठी धरणाऱ्याला विचार करण्यास अवसरच मिळत नाहीं. जें करावयाचें तें रिळानें करावयाचें असतें.

या पहिल्या धांवेच्या वेळीं कसोटी लागते ती रिळाच्या घसरत्या पकडीची, म्हणजे ड्रॅगची. रिळांत धातूच्या आणि कार्बनच्या किंवा फेल्टच्या चकत्या एकीवर एक दाबून बसविलेल्या असतात. मुठीजवळचें चांदणीच्या आकाराचें चाक आवळलें कीं हा दाब वाढतो. माशाची ओढ ठराविक मर्यादेपुढें गेली म्हणजे चकत्या घसरतात, आणि दोरा न तुटतां सुटूं लागतो. येथें पदार्थविज्ञानांतील एक साधा नियम लागू पडतो: स्थिर वस्तु हलविण्यास जितकें बळ लागतें, त्याहून ती हलत ठेवण्यास कमी लागतें. चकत्या हलक्या प्रतीच्या असल्या तर घसरण्यापूर्वीं त्या क्षणभर चिकटून बसतात, आणि दोरा तुटतो तो त्याच क्षणीं. म्हणून पकड अमुक इतक्या पौंडांची आहे ही जाहिरातींतील मोठी संख्या गौण होय. पकड किती हळुवारपणें सुटते हें मुख्य.

याची परीक्षा दुकानांतच करतां येते. दोऱ्याचें टोंक स्प्रिंगच्या ताणकांट्याला बांधून सरळ ओढावें. ९ किलोग्रॅम ताण सोसणाऱ्या दोऱ्याला पकड सव्वादोन ते तीन किलोग्रॅमांवर, म्हणजे पाव ते तृतीयांश बळावर, बेतावी. दोरा सुटूं लागतांना कांट्याची सुई उडी मारून मग खालीं आली, किंवा ओढ चालू असतां मागेंपुढें नाचत राहिली, तर तें रीळ कितीही देखणें असलें तरी परत ठेवावें. सुई बहुतेक एका जागीं राहिली तर पकड उत्तम समजावी.

याच्या जोडीला एक हिशेब आहे. पकडीचें बळ फिरकीच्या आंसावर असतें; परंतु दोऱ्यावर पडणारा ताण वेढ्यांच्या व्यासावर अवलंबून असतो. मासा दोरा नेऊं लागला म्हणजे वेढ्यांचा व्यास कमी होत जातो, आणि व्यास निम्मा झाला कीं चाकाला हात न लावतांही दोऱ्यावरील ताण दुप्पट होतो. अडीच किलोग्रॅमांवर बेतलेली पकड पांचांवर जाते. लांबलेला दोरा पाण्यांतून ओढला जातो त्याचा भार निराळाच. म्हणून फिरकी ऐसपैस असावी. मोठ्या महाशीराला किंवा चिनूकला निदान दोनशें मीटर दोरा मावला पाहिजे, आणि तो फिरकीच्या कांठाच्या किंचित खालपर्यंत भरलेला असावा. मासा फार दूर गेला असतां पकड आवळण्याऐवजीं जराशी सैल करावी, हा सल्ला नवशिक्याला उलटा वाटतो. पण हिशेब त्याच्याच बाजूचा आहे.

दुसरा आवर आमिष फेकतांनाचा. कांहीं रिळांत फिरकीच्या वेगाबरोबर बाहेर सरकणारे बारीक ठोकळे कड्याला घासून तिला आवरतात. कांहींत तेंच काम लोहचुंबक करतात. दोन्ही योजना चांगल्या आहेत. आमिषाच्या वजनाचा शिशाचा गोळा दोऱ्याला बांधून फिरकी मोकळी करावी, आणि बाजूची घुंडी अशी बसवावी कीं गोळा सावकाश उतरावा व जमिनीला टेकतांच फिरकी थांबावी. उतरतांना फिरकी खरखरली किंवा अडखळली, तर तें रीळ घेऊं नये. अर्थात् हे सारे उपाय अंगठ्याचे मदतनीस होत. फेकीच्या अखेरीस अंगठा फिरकीवर टेकविण्याची संवय ज्यानें लावून घेतली नाहीं, त्याचा दोरा गुंतल्याशिवाय राहणार नाहीं.

सांगाडा आणि दांते यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. रिळाच्या दोन्ही बाजू हातानें दाबून पाहाव्या. त्या लवल्या तर जड माशाच्या ओढीखालीं दांते एकमेकांवरून निसटतील. दांतेरी चाकें पितळेचीं किंवा तशाच टिकाऊ धातूचीं असावीं. मूठ एकदां फिरविली असतां फिरकी पांच वेळां फिरणें मोठ्या माशाला पुरे. सात वेळां फिरविणारें रीळ दोरा लवकर गोळा करतें, पण मनगटाकडून बळही तितकेंच अधिक मागतें. बेअरिंगांच्या संख्येला भुलूं नये. दहा उघड्या बेअरिंगांपेक्षां चार झांकलेलीं बेअरिंगें अधिक दिवस काम देतात.

मराठवाड्यांत या रिळाचा खरा शत्रु मासा नव्हे, काळी माती. गोदावरी, पूर्णा किंवा दुधना यांच्या गढूळ पाण्यांतून परत येणारा दोरा बारीक गाळ घेऊन येतो. दोरा फिरकीवर सारखा पसरावा म्हणून एक सरकता डोळा आडव्या पेंचावर चालत असतो. त्या पेंचांत हा गाळ सांचतो आणि दांत झिजवितो. तेंच रीळ कोंकणच्या खाडींत जिताड्यासाठीं नेलें, तर मातीची जागा मीठ घेतें. घरीं आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुसावें, पेंच मऊ ब्रशानें झाडून त्यावर तेलाचा एक थेंब सोडावा. नळाची जोराची धार मारूं नये. ती गाळ आंत ढकलते. बनविणाऱ्यानें सांगितलें नसेल तर चकत्यांना तेल लावूं नये, आणि रीळ ठेवून देतांना पकड सैल करावी, नाहींतर दबलेल्या चकत्या पुढच्या खेपेस चिकटतात. यावरून निवडीची आणखी एक कसोटी निघते: जें रीळ साध्या पेंचकसानें उघडतां येतें आणि ज्याच्या चकत्या व पेंच सुटे मिळतात, तेंच घ्यावें.

केवळ छंदासाठीं एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु दोरा तुटला म्हणजे नुकसान धरणाऱ्याचेंच होतें असें नाहीं. मासा तोंडांत गळ आणि मागें लांबलचक दोरा घेऊन जातो. तो दोरा खडकांत अडकला तर मासा तेथेंच मरतो. महाशीर पूर्वींसारखा विपुल राहिलेला नाहीं. महाड तालुक्यांतील वाळण कोंडीच्या डोहांत लोकांनीं त्याला देवाचा मासा म्हणून राखलें आहे, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० च्या दशकांत त्याची पैदास करण्याचें काम हातीं घेतलें. जेथें गळ टाकण्यास मनाई आहे तेथें तो टाकूं नये, आणि जेथें जलाशयाचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे आहे तेथें आधीं तिची परवानगी घ्यावी. धरलेला महाशीर फार दमण्यापूर्वींच कांठाशीं आणून, पाण्यांतल्या पाण्यांत गळ काढून सोडून दिला, तर तो जगण्याची आशा असते. हें साधतें तें मनगटाच्या जोरानें नव्हे, सारख्या बळानें सुटणाऱ्या पकडीनें.

तेव्हां रीळ घेण्यास निघालेल्यानें क्रम ध्यानांत ठेवावा: प्रथम पकड, मग फिरकीची समाई, मग सांगाडा व दांते, आणि मग सुटे भाग. रंग, वजनांतील दोनचार तोळ्यांचा फरक आणि बेअरिंगांची गणती यांचा विचार सर्वांत शेवटीं. दुकानांत जातांना ताणकांटा खिशांत असावा. रिळाविषयीं तो दुकानदारापेक्षां अधिक खरें बोलतो.