टेनिसच्या खेळांत मनाचें बळ

टेनिसचा खेळ दोन रॅकेटींनीं खेळला जातो हें सर्वांस दिसतें. पण तो दोन मनांनींही खेळला जातो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. शक्ति व कौशल्य सारखेंच असतां एक जण वारंवार जिंकतो आणि दुसरा वारंवार थोडक्यांत हरतो, असें कां व्हावें? प्रतिस्पर्ध्याच्या मनावर वर्चस्व कसें मिळतें, आणि त्यांतील सरळ मार्ग कोणता व आडमार्ग कोणता, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम ह्या खेळाची रचना पाहूं. टेनिसला घड्याळाचें बंधन नाहीं. फुटबॉलमध्यें पुढें असलेला संघ वेळ संपेपर्यंत तग धरून जिंकूं शकतो. टेनिसमध्यें शेवटचा गुण मिळवावाच लागतो. म्हणून मागें पडलेल्याच्या मनांत आशेला जागा राहते, आणि पुढें असलेल्याच्या मनांत भीतीला. शिवाय दोन गुणांच्या मध्यें २५ सेकंदांपर्यंत व बाजू बदलतांना बहुधा ९० सेकंदांपर्यंत अवकाश नियमानेंच मिळतो. ह्या अवकाशांत हात स्वस्थ असतात, पण मन स्वस्थ नसतें. झालेल्या चुकीची खंत व होऊं घातलेल्या पराभवाची चिंता ह्याच वेळीं आंत शिरतात. मनांची खरी झुंज येथें होते.

वर्चस्वाचें पहिलें साधन असें कीं, प्रतिस्पर्ध्याला जें प्रिय तें त्यास देऊं नये. १९७५ सालचा विम्बल्डनचा अंतिम सामना हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. जिमी कॉनर्स हा आदल्या वर्षाचा विजेता, वय २२. आर्थर अॅश ह्याचें वय ३१. दोघेही अमेरिकन. तत्पूर्वीं उभयतांचे झालेले सर्व सामने कॉनर्सनेंच जिंकले होते, आणि ह्या स्पर्धेंतही तोंवर त्यानें एकही सेट गमावला नव्हता. कॉनर्सला वेगवान चेंडू फार प्रिय; समोरच्याचाच जोर उसना घेऊन तो त्याच्यावर उलटवी. अॅशचा खेळही मूळचा जोराचा. परंतु त्या दिवशीं त्यानें तो बाजूस ठेविला. मित्रांशीं विचारविनिमय करून त्यानें ठरविलें कीं, कॉनर्सला उसना घेण्यास जोरच मिळूं द्यावयाचा नाहीं. फोरहँडकडे हळू व ठेंगणे चेंडू, डोक्यावरून उंच लॉब, आणि दुहाती बॅकहँडकडे बाहेर वळत जाणारी सर्व्हिस, असा त्याचा बेत होता. पहिले दोन सेट त्यानें ६-१, ६-१ असे घेतले. तिसरा कॉनर्सनें ७-५ असा जिंकला, आणि चौथ्यांत तो ३-० असा पुढें गेला. कच्च्या मनाचा खेळाडू येथें घाबरून आपल्या जुन्या खेळाकडे वळला असता. अॅश बाजू बदलतांना खुर्चीवर डोळे मिटून स्वस्थ बसे, आणि उठून तोच बेत पुढें चालवी. चौथा सेट त्यानें ६-४ असा जिंकला, आणि विम्बल्डनचें पुरुष एकेरीचें विजेतेपद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

दुसरें साधन विस्मरणाचें. रॉजर फेडरर ह्यानें २०२४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभांत आपल्या कारकीर्दीचा हिशेब सांगितला. एकेरीच्या १५२६ सामन्यांपैकीं शेंकडा जवळजवळ ८० सामने त्यानें जिंकले. गुण मात्र शेंकडा ५४च. अर्थात् एवढा थोर खेळाडूही जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण गमावीत होता! मग गेलेल्या एका गुणासाठीं आपण रॅकेट आपटावी काय?

परंतु सर्वच गुणांचें मोल सारखें नसतें, हेंही त्याच फेडररनें अनुभविलें. २०१९ सालच्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यांत त्यानें २१८ गुण मिळविले व नोव्हाक जोकोविचनें २०४. तरीही विजय जोकोविचचा झाला. पांचव्या सेटमध्यें फेडरर विजयापासून एकाच गुणाच्या अंतरावर दोनदां आला होता, आणि दोन्ही वेळां सर्व्हिस त्याचीच होती. जोकोविच तेथें डगमगला नाहीं, आणि तिन्ही टायब्रेकही त्यानेंच जिंकले. प्रेक्षक बहुतेक फेडररच्या बाजूचे. ते रॉजरचें नांव घेऊन ओरडत, तेव्हां आपण ‘नोव्हाक’ असेंच ऐकत होतों, असें त्यानें मागाहून सांगितलें. प्रतिकूल गोष्टीस अनुकूल वळण देणें तें हेंच.

आमच्या विद्यार्थ्यांस ह्यांतून कांहीं संवयी उचलतां येतील. सामन्यापूर्वीं चार चेंडू मारतांनाच समोरच्याची कच्ची बाजू हेरून ठेवावी. गुण जावो वा येवो, चाल व चेहरा एकच ठेवावा. कारण तुमची मान खालीं गेलेली पाहून समोरच्याची वर होते. सर्व्हिसपूर्वीं दरवेळीं तितक्याच वेळां चेंडू टप्प्यावर खेळवावा व दीर्घ श्वास घ्यावा. हरता डाव बदलावा, जिंकता बदलूं नये.

आतां आडमार्गाविषयीं. मुद्दाम वेळ काढणें, समोरचा चेंडू मारीत असतां ओरडणें, टोमणे मारणें, ह्यांनींही मन विचलित होतें खरें. म्हणूनच जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्याविरुद्ध गुण द्यावा असा नियम आहे. शाळेच्या सामन्यांत पुष्कळदां पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आंत कीं बाहेर हें ज्यानें त्यानेंच सांगावयाचें. तेथें निश्चित दिसलें नसेल तर चेंडू आंतच धरावा. खोटें ‘बाहेर’ म्हणून एक गुण मिळेल. पण पुढचा खरा ‘बाहेर’ कोणी मानणार नाहीं, आणि सामन्याचा तंटा होईल. अॅशनें कॉनर्सच्या खेळावर आघात केला, त्याच्या विश्वासावर नव्हे. हा भेद मुलांस कळला पाहिजे.

पालकांसही एक विनंति. चूक झाली कीं मूल प्रथम कुंपणाबाहेर तुमच्याकडे पाहतें. तेथें कपाळावर आठी दिसली, तर त्यास एका वेळीं दोन प्रतिस्पर्धी होतात. सामना संपल्यावर ‘किती गुणांनीं हरलास?’ असें विचारण्यापूर्वीं ‘मागें पडल्यावर तूं काय केलेंस?’ असें विचारावें. ह्या प्रश्नाचें उत्तर देतां देतांच मुलाला पुढच्या सामन्याची तयारी सुरू करतां येईल.